उतरण्याची विद्या

मल्लखांबावर चढायला शिकविण्यापूर्वी आमचे वस्ताद उतरायला शिकवीत. आम्हा मुलांना त्याचे मोठे नवल वाटे. जो अजून चढलाच नाही त्याने उतरायचे तरी कोठून? पण वस्ताद पोराला बगलांत धरून उचलीत, खांबाच्या मध्यावर चिकटवून देत आणि हळूच आपले हात काढून घेत. पायांची पकड एकदम न सोडता, अंग खांबाला लागलेले ठेवून, न आदळता मातीवर यायचे, एवढाच पहिला धडा. तो जमला की मग सलामी, मग अढी, आणि त्यानंतर तेढी, बगली, दसरंग, फिरकी असे पुढचे सारे विश्व उघडत जाई. 34 वर्षांच्या खंडानंतर, वयाच्या 56व्या वर्षी, मी पुन्हा त्या खांबापुढे उभा राहिलो तेव्हा बाकीचे सगळे विसरलो होतो. हा पहिला धडा तेवढा शिल्लक होता.

पुरलेला मल्लखांब म्हणजे सागवानी किंवा शिसवी लाकडाचा, खाली जाड आणि वर निमुळता होत गेलेला गुळगुळीत खांब. माणसाच्या साधारण दीडपट उंचीचा. त्याला अंग असते, मान असते आणि शेंड्याला बोंड असते. एखाद्या सजीवाची वाटावीत अशीच ही नावे आहेत, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण हा खांब मुळात प्रतिस्पर्धी मल्लाच्या जागी उभा केलेला. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख आढळतो. खांबाला एरंडेल लावतात, म्हणजे घर्षणाने कातडी सोलवटत नाही. त्या एरंडेलाचा, घामाचा आणि तांबड्या मातीचा मिळून एक वास होतो. माझे बालपण आणि तारुण्याचा पहिला बहर त्या एका वासात साठलेला आहे.

आमच्या कृष्णाकाठच्या गावातील व्यायामशाळेत संध्याकाळी कंदिलासारखा मिणमिणता दिवा लागला, की वस्ताद कथा सांगत. निजामाच्या राज्यातून अली आणि गुलाब हे दोन पहिलवान पुण्यास आले आणि दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या दरबारात त्यांनी आव्हान दिले. कोणी पुढे येईना. तेव्हा बाळंभट देवधर नावाचा कोवळा तरुण उठला. त्याने मुदत मागून घेतली, वणीच्या सप्तशृंगीची उपासना केली, आणि मारुतीने त्याला स्वप्नात लाकडी खांबावर पेच करून दाखविले. पुढे पेशवाई बुडाली. 1818 मध्ये बाजीराव ब्रह्मावर्तास गेले आणि ही विद्याही गंगेच्या काठी गेली. मणिकर्णिका घाटाचे नाव लाभलेली मोरोपंत तांब्यांची मनू तिकडेच मल्लखांब शिकली, आणि बाळंभटदादांचे शिष्य कोंडभटनाना गोडबोले यांचा आखाडा काशीत मणिकर्णिकेजवळ होता, असे वस्ताद सांगत. यातले इतिहासाचे किती आणि भक्तीचे किती, हे आम्ही कधी विचारले नाही. माझा जोडीदार मात्र दर वेळी म्हणे, “एकदा काशीला जायचं. तो आखाडा बघायचा.”

जोडीदार हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे. मल्लखांबावरचे बरेचसे कसब एकट्याचे असते. पण मनोरा एकट्याने होत नाही. एकाने अढी घालून खांबाशी घट्ट राहायचे आणि दुसऱ्याने त्याच्या हातांच्या भरवशावर आपले सगळे अंग हवेत सोडून द्यायचे. आमच्या मनोऱ्यात धरणारा मी होतो आणि सोडून देणारा तो.

1984 सालची हनुमान जयंती. देवळापुढच्या पटांगणात सारा गाव जमलेला. आदल्या आठवड्यात मी तालमीला चार दिवस गेलो नव्हतो. कारण क्षुल्लक होते, आणि ते मी कोणालाच सांगितले नव्हते. वस्तादांनी विचारले, “तयारी आहे ना?” मी मान डोलावली. मनोरा लागला, टाळ्या सुरू झाल्या, आणि तिसऱ्या आकड्याला माझी उजवी मूठ उघडली. उघडली असे मी म्हणतो. ती घामाने सुटली की मी थकून सोडली, याचा निवाडा मला आजही करता येत नाही. तो डाव्या कोपरावर पडला. हाड जुळले, पण हात पुन्हा पुरता सरळ झाला नाही. चार दिवसांच्या गैरहजेरीबद्दल मी तेव्हाही बोललो नाही.

त्यानंतर दोन महिन्यांत मला नोकरीचे पत्र आले आणि मी गाव सोडले. पुढे बदल्या होत गेल्या. मल्लखांब का सोडलास, असे कोणी विचारले की मी नोकरीचे नाव सांगे, आणि ते इतक्यांदा सांगितले की मलाही खरे वाटू लागले. तो मात्र गावातच राहिला. ज्याला आता खांबावर चढता येत नव्हते त्याने इतरांना चढवायला घेतले. वस्ताद गेल्यावर व्यायामशाळा त्यानेच चालविली. लग्नाकार्यात आमच्या भेटी होत. तो डावा हात किंचित वाकलेला ठेवूनच नमस्कार करी. आम्ही पावसाबद्दल बोलत असू.

2018च्या मार्गशीर्षात त्याच्या मुलाचा फोन आला. बाबा गेले, अस्थी काशीला न्याव्यात अशी त्यांची इच्छा होती, काका, तुम्ही बरोबर याल का? मी ‘येतो’ म्हणालो आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ तसाच बसून राहिलो.

मणिकर्णिका घाट मी पूर्वी चित्रांत पाहिला होता. चित्रात ज्वाळा दिसतात. ऊब कळत नाही. गल्ल्यांतून खांद्यावर तिरड्या येत होत्या, रामनामाचा गजर मागून येई आणि आम्ही भिंतीला चिकटून वाट देत असू. ज्या घाटाच्या उभारणीशी अहिल्याबाई होळकरांचे नाव जोडलेले आहे त्याच्या पायऱ्यांवर राख बसली होती. पलीकडे शिंदे घाटाच्या बाजूस रत्नेश्वराचे कललेले देऊळ दिसत होते. आणि सर्वत्र लाकूड होते: होड्यांत भरलेले, भिंतीएवढे रचलेले, तराजूत तोलून विकले जाणारे. ज्या लाकडावर माणूस चढायला शिकतो आणि ज्यावर त्याला अखेरचे चढविले जाते, त्यांच्यातील नात्याचा विचार मला तेथे सुचला असता तर शोभला असता. तो पुढे घरी सुचला. त्या वेळी मी जुन्या सवयीने ओंडक्यांचे धागे पाहत होतो. कोणता सरळ आहे, कोणात गाठी आहेत, खांब कशाचा निघेल.

विधी आटोपले. होडीतून अस्थी सोडताना मुलगा म्हणाला, “बाबांचा हात तेवढा वाकडा होता बघा. लहानपणी आंब्यावरून पडले होते ना.”

मी त्याच्याकडे पाहतच राहिलो. घाटावर परतल्यावर एका पायरीवर आम्ही बसलो आणि मी त्याला सगळे सांगितले. हनुमान जयंती, तिसरा आकडा, माझी मूठ, आणि जे 34 वर्षांत कोणाला सांगितले नव्हते ते, त्या चार दिवसांचेही. त्याने मधे एकही प्रश्न विचारला नाही. मग म्हणाला, “आता कळलं. शाळेतल्या पोरांच्या आईबापांनाही ते आंब्याचंच सांगायचे. खांबावरून पडलो म्हटलं असतं तर पोरं कोणी पाठवली असती?”

“त्याला माझा राग होता का रे?”

“काय सांगू काका? त्यांनी तुमचं नाव कधी वाईट घेतलं नाही. पण तुम्हाला पुन्हा आखाड्यात बोलावलंही नाही.”

यापेक्षा खरे उत्तर मला कोणी दिले नसते. क्षमा करण्याचा अधिकार त्या मुलाचा नव्हता, आणि त्याने तो उसना घेतलाही नाही. ज्याचा होता त्याची मूठभर राख आम्ही नुकतीच पाण्यात सोडली होती. समोर एक चिता शांत होत आली होती आणि दुसरी रचली जात होती. तेथे कोणाला कशाची घाई नव्हती. उशीरही कोणाला झालेला दिसत नव्हता, माझ्याखेरीज.

दुसऱ्या दिवशी आम्ही कोंडभटनानांचा आखाडा शोधीत फिरलो. गंगेकाठच्या गल्ल्यांतून, जेथे अजून मराठी आडनावे ऐकू येतात तेथून, दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगेपर्यंत गेलो. आमच्या कथेतला आखाडा आम्हाला सापडला नाही. वाटेत एक निराळा आखाडा लागला. भिंतीशी गदा आणि जोड्या टेकवून ठेवलेल्या, मारुतीला शेंदूर, आणि कोपऱ्यात एक काळपट खांब. म्हाताऱ्या पहिलवानाने आमची चौकशी केली आणि चपला काढून मातीवर यायला सांगितले. मी खांबाला हात लावून तो कपाळाला टेकवला. पाय उचलण्याचा प्रयत्न केला. पाय उचलले गेले नाहीत. पहिलवान हसला नाही. वाटीतले तेल त्याने माझ्यापुढे सरकविले, एवढेच.

परतीच्या गाडीत मुलगा म्हणाला, “रविवारच्या वर्गाला खाली उभं राहायला कोणी नाही, काका.”

असा मी परत आलो. पुढच्या फेब्रुवारीत, 2019 मध्ये, मुंबईच्या शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. परदेशांतले मुलगे आणि मुली आमच्या वस्तादांचे शब्द आपापल्या उच्चारांत बोलत होते. मी मात्र त्या महिन्यात एका साध्या अढीशी झुंजत होतो. बुद्धीला सारे आठवत होते. मांड्यांना काहीच आठवत नव्हते. कातडी सोलवटली, खांदे रात्रभर ठणकले. नऊ वर्षांची एक मुलगी माझ्याभोवती फिरून म्हणाली, “आजोबा, गुडघे आत घ्या. तुम्ही हातांवरच सगळं घेता.” तिचे म्हणणे बरोबर होते. तरुणपणी मी हातांवरच सगळे घेत आलो होतो, आणि हातांनीच दगा दिला होता.

परतलेल्या माणसाला एक भ्रम असतो, की जेथे सोडले तेथून पुढे जाता येईल. तसे होत नाही. सोडलेली जागा तुमच्यासाठी थांबलेली नसते. तेथे दुसरी माणसे उभी राहून, शिकून, शिकवून निघूनही गेलेली असतात. परत येणाऱ्याला रांगेच्या शेवटी उभे राहावे लागते. मला याचे दुःख झाले नाही. शेवटी उभे राहणाऱ्याला निदान कोणी विचारीत नाही, की तयारी आहे ना. आणि कोणी विचारलेच, तर नाही म्हणण्याइतके बळ आता माझ्यात आले आहे. व्यायामाने मिळविलेले म्हणावे असे माझ्याजवळ तेवढेच आहे.

आता मी एका अढीवर दहा आकडे टिकतो. त्याहून अधिकाची आशा नाही. पण रविवारी माझे खरे काम खाली असते. लहान मुले खांबाच्या मध्यावर चिकटविली जातात आणि मी दोन्ही हात पसरून बुंध्याशी उभा राहतो. पहिल्या दिवशी हे हात इतके कापत होते, की वर चढलेल्या मुलापेक्षा मीच पडतो की काय, असे वाटावे. आजही उजवी मूठ मी मधूनच मिटून उघडून पाहतो. पालक विचारतात, तुमच्या वेळी कोणी पडले होते का? मी आंब्याचे झाड सांगत नाही. पडला होता, म्हणतो; धरणारा आठवडाभर नीट तालमीला आला नव्हता; म्हणून आम्ही हजेरी घेतो. काही जण मुलाला घेऊन जातात. बरेच जण ठेवतात.

परवा एक सहा वर्षांचा मुलगा खांबावर पहिल्यांदाच लावला होता. माझे हात त्याच्या कमरेकडे जाऊ लागले तसा तो वरूनच म्हणाला, “धरू नका आजोबा, मी उतरतो.” मी हात काढून घेतले नाहीत, वीतभर दूर नेऊन तसेच धरून ठेवले. तो पकड सैल करीत, एरंडेलावरून सरकत, मधे एकदा थांबून, खाली आला आणि मातीवर पाय टेकताच पुन्हा लावा म्हणाला.