गाडी तीच, की दुसरी?



गेले तीन महिने आमच्या हरिहरेश्वरच्या घरात एकच विषय चालू होता. अण्णांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, प्रीमियर पद्मिनीची गंजलेली बॉडी काढून दुसरी बसवायची, की आहे तीच दुरुस्त करायची? गाडीचा विषय म्हणजे पुरुषांचा विषय, असं वाटून पुढे जाऊ नका. या प्रश्नात शेवटी व्रत आलं, अहिंसा आली, आणि आपल्या स्वयंपाकघरातलं दूध-दहीसुद्धा आलं.

आधी गाडीबद्दल. ती १९७५ सालची. अण्णांनी ती पुढे दहा-अकरा वर्षांनी जुनी म्हणून घेतली. इटलीच्या फियाट ११०० वरून ही गाडी आपल्याकडे १९६४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात बनू लागली, आणि पुढे तिला पद्मिनी हे नाव मिळालं. तो कारखाना काढणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सचे संस्थापक वालचंद हिराचंद हे सोलापूरच्या जैन घराण्यातले. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांत परक्या सत्तेच्या काळात पाय रोवणारा हा माणूस १९५३ साली गेला, त्यामुळे ही पद्मिनी त्यांनी पाहिली नाही. पण अण्णांना या गोष्टीचं फार कौतुक. "आपल्या माणसाच्या कारखान्यातली गाडी," असं ते अजून सांगतात. ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी बंद झाली, तेव्हा त्यांनी पेपरातलं कात्रण कापून ठेवलं होतं.

आमच्यासाठी ती गाडी म्हणजे फिरतं स्वयंपाकघर. १९९३ च्या महामस्तकाभिषेकाला सगळे तिच्यातूनच श्रवणबेळगोळला गेले. डिकीत गाळून उकळलेल्या पाण्याच्या कळशा, दशम्या, मेतकूट, भाजलेले पोहे. बाहेरच्या खाण्यात कांदा-बटाट्याची खात्री नाही आणि सूर्यास्ताच्या आत जेवण व्हायला हवं, म्हणून रस्त्याकडेला झाडाखाली पंगत बसायची. आई, म्हणजे सासूबाई, आजही ते दिवस मोजून सांगतात.

आता गंजाबद्दल. समुद्राकाठी राहणाऱ्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. इथे कढईचा कान आणि खिडकीचा गजही दोन पावसाळ्यांत फुगतो. हवेतलं मीठ ओल धरून ठेवतं, मिठाच्या ओलीत लोखंड लवकर गंजतं, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेत असल्यामुळे वरचा रंग आतून उचलला जातो. काळभैरवाच्या देवळामागे समुद्राकडे उतरणारी जी प्रदक्षिणेची वाट आहे, तिथले खडक पाहा. वारा, लाटा आणि मीठ यांनी दगडाला घावनासारखी जाळी पाडली आहे. जिथे दगड टिकत नाही तिथे पत्र्याची काय कथा! त्यात ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या शेडचे पत्रे उडाले, सुपाऱ्या आडव्या झाल्या, आणि नवीन शेड होईपर्यंत गाडी पावसात उभी राहिली.

यंदा गाडी बघायला आलेल्या मिस्त्रींनी दाराखालच्या पट्टीत स्क्रूड्रायव्हर टोचला, तो मुठीपर्यंत आत गेला. मागच्या सीटखालचा तळही तसाच. ते म्हणाले, "वहिनी, आटपाडीकडे एक पद्मिनी पडून आहे. इंजिन गेलंय, पण बॉडी कोरडी, खणखणीत. ती आणू, तुमचं इंजिन तिच्यात घालू. महिन्याभरात गाडी नवी."

माझ्या दिरांना हे लगेच पटलं. आईंचा चेहरा उतरला. अण्णा काहीच बोलले नाहीत. मला त्या क्षणी आचार्य समंतभद्रांच्या आप्तमीमांसेतला दृष्टान्त आठवला. सोन्याचा घट मोडून मुकुट केला, तर ज्याला घट हवा होता तो रडतो, ज्याला मुकुट हवा होता तो हसतो, आणि ज्याला सोनंच हवं होतं तो शांत राहतो. घटना एकच असते, पण जो तो आपल्याला हवं ते तिच्यात बघतो. दिरांना मुकुट हवा होता, आईंना घट. पण इथे सोनं कोणतं? इंजिन? नंबर? आठवण?

हा प्रश्न नुसता विचारापुरता नव्हता, कारण अण्णांचं परिग्रहपरिमाण व्रत आहे. वीस वर्षांपूर्वी मुनिराजांसमोर घेतलेलं: "माझ्या मालकीचं वाहन एकच. हे गेलं की दुसरं घेणार नाही." दुसरी बॉडी आणली तर ते त्याच वाहनाची दुरुस्ती, की दुसरं वाहन?

मी आधी मिस्त्रींना विचारलं. त्यांनी जे समजावलं ते सगळ्यांच्या उपयोगाचं आहे. जीपला किंवा ट्रकला खाली वेगळी लोखंडी चौकट असते, चाकं आणि इंजिन त्या चौकटीवर असतात. वरची बॉडी उचलून दुसरी ठेवली तरी गाडी तीच राहते. पद्मिनीला अशी वेगळी चौकट नाही. तळ, खांब, छत, दाराखालच्या पोकळ पट्ट्या हे सगळं एकत्र जोडलेलं, आणि गाडीचा भार तेच पेलतं. चॅसिस नंबरही गाडीच्या अंगावरच ठोकलेला असतो. म्हणजे पद्मिनीची बॉडी बदलायची तर चॅसिसही बदलला. आटपाडीच्या गाडीला तिचा स्वतःचा नंबर आहे. आपला नंबर कापून तिच्यावर चिकटवणं म्हणजे सरळ सरळ गुन्हा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणेही, मूळ नोंदीशी न जुळणारा बदल मालकाला मनाने करता येत नाही.

मग दीर म्हणाले, "पन्नास वर्षं झालीत, व्हिंटेज म्हणून नोंदवू." ते नियम २०२१ साली आले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली गाडी त्यात बसते, वीस हजार रुपये फी, दहा वर्षांची नोंदणी. पण अट अशी की चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे दुसरी बॉडी बसवली तर तो मार्ग बंद. शिवाय व्हिंटेज नोंदणीची गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. अण्णांना तर कुंभोजच्या बाहुबलीला जायचं होतं. म्हणून आम्ही दर पाच वर्षांनी होणारं साधं नूतनीकरणच ठेवायचं ठरवलं.

कायद्याचं उत्तर असं मिळालं. व्रताचं उत्तर स्वयंपाकघरात मिळालं.

त्याच ग्रंथात घटाच्या दृष्टान्ताला लागूनच दुसरा दृष्टान्त आहे. फक्त दूधच घेईन असं व्रत असलेला दही खात नाही, फक्त दही घेईन म्हणणारा दूध पीत नाही, आणि गोरसच सोडलेला दोन्ही घेत नाही. दूध आणि दही वेगळे आहेत हेही खरं, आणि दोन्ही गोरसच आहेत हेही खरं. आपण रसत्याग करतो तेव्हा "ताक चालतं का गं?" असं एकमेकींना विचारतोच ना? तेव्हा आपण पळवाट शोधत नसतो. नियम घेताना आपण नेमकं काय धरलं होतं आणि काय सोडलं होतं, ते तपासत असतो.

म्हणून मी अण्णांना विचारलं, "व्रत घेताना तुमच्या मनात काय होतं? इंजिन, नंबर, की आणखी काही?"

अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "माझ्या मनात एवढंच होतं की, हिच्यानंतर हाव धरायची नाही. झिजली की तिच्याबरोबर माझी गाडीची इच्छाही झिजू दे. आटपाडीची बॉडी आणली तर मी पुन्हा नव्या गाडीचा मालक होईन, नंबर जुना असला तरी."

तिथे तो पर्याय संपला. पण दुसरं टोकही अण्णांनी धरू दिलं नाही. आईंचं म्हणणं होतं की हात लावू नका, आहे तशी शेडमध्ये उभी राहू दे. त्यावर ते म्हणाले, "नुसती धरून ठेवणं म्हणजेही परिग्रहच. चालत नसेल तर भंगारात द्या."

तेव्हा आम्ही कागदावर चार अटी लिहिल्या. पहिली: चाकांचा भार जिथे पडतो त्या जागा, विशेषतः मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगा जिथे अडकतात त्या, आधी उघडून बघायच्या. त्या गेल्या असतील तर गाडी तिथेच थांबवायची. रस्त्यावर चालणारी पोरं, म्हातारी माणसं, गुरं यांच्या जिवाशी आपल्या आठवणींसाठी खेळायचं नाही. अहिंसा ताटापुरती नसते. दुसरी: गंजावर पुट्टी भरून रंग मारायचा नाही. सडलेला पत्रा चांगल्या पत्र्यापर्यंत कापायचा आणि त्याच जाडीचा नवा जोडायचा. तिसरी: खर्चाचा आकडा आधीच ठरवायचा, ओलांडायचा नाही. चौथी: काम चातुर्मासाच्या आत संपवायचं.

तपासणीत उजवीकडची जागा धड निघाली, डावीकडची कडेने पातळ झालेली, पण मूळ शाबूत. म्हणजे काम करता येणार होतं.

पण वेल्डिंगच्या आधी एक दिवस आम्ही मागून घेतला. या पोकळ पट्ट्यांत आणि दारांत मुंग्यांची वारुळं होती, कुंभारमाशीची मातीची घरटी होती, एका दारात पालीची अंडी होती. ठिणगी पडली असती तर सगळं जळालं असतं. मी आणि आईंनी मऊ कुंचल्याने, पिठाच्या चाळणीत झेलत, जमेल तेवढं सुपारीच्या वाडीत नेऊन सोडलं. मिस्त्री आधी हसले, मग स्वतःच टॉर्च धरून उभे राहिले.

तळ, दोन्ही बाजूच्या पट्ट्या आणि डावा कोपरा नवा झाला. छत, खांब, समोरचा भाग, डॅशबोर्ड जुनाच. दारांवर पोचे आहेत, ते तसेच ठेवले, कारण ते भार पेलत नाहीत. त्यांचा खर्च फक्त मिरवण्याचा झाला असता. ठरलेल्या आकड्यात काम बसलं.

मग आता गाडी तीच की दुसरी? तळाकडे बघितलं तर दुसरी, नंबराकडे आणि छताकडे बघितलं तर तीच. उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य हे तीन शब्द पाठशाळेत आपण घोकलेत. जुना पत्रा गेला, नवा आला, आणि त्यातून काहीतरी टिकून राहिलं. अण्णांच्या दृष्टीने टिकली ती त्यांची मर्यादा. मला तरी तेच सोनं वाटतं.

खाऱ्या हवेत जुनी गाडी असलेल्या मैत्रिणींसाठी शेवटी थोडं कामाचं. समुद्रकाठून आल्यावर गाडी खालच्या बाजूनेही गोड्या पाण्याने धुवा. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघायची भोकं असतात, ती काडीने मोकळी ठेवा, आधी मुंग्या बघून. प्लॅस्टिकचं आच्छादन घट्ट बांधू नका, ओल आत कोंडते. वारा खेळणारी शेड बरी. आणि पावसाळ्याआधी पोकळ भागांत गंजरोधक तेल मारून घ्या.

बाहुबलीला जाऊन आलो. अण्णा आता गाडी चालवत नाहीत, माझ्या शेजारी बसतात. परत आल्यावर ते म्हणाले की गाडी माझ्या नावावर करायची. मी हो म्हणण्याआधी माझी वही काढली. माझ्या परिमाणात दोन वाहनं आहेत आणि दोन्ही भरलेली आहेत. या महिन्यात माझी स्कूटर विकायला काढली आहे.