पाकशाळेंतील पाठशाळा

मुलांस शाळेंत घातलें कीं त्यांच्या शिक्षणाच्या जबाबदारींतून आपण मोकळे झालों, असें मानणारे पालक थोडे नाहींत. तथापि प्रत्येक घरांत अशी एक पाठशाळा आहे कीं, जिला घंटा नाहीं, शुल्क नाहीं, आणि जेथें चुकीच्या उत्तरावर तांबड्या शाईची फुली मारण्याचें कारण पडत नाहीं. पदार्थ स्वतःच उत्तर तपासून देतो. ती म्हणजे आपलें स्वयंपाकघर.

आम्हीं शाळेंत अनेक वर्षें संस्कृत व गणित शिकविलें. निवृत्तीनंतर या पाठशाळेकडे आमचें लक्ष अधिक वेधलें. आमची नात पांचवींत आहे. अपूर्णांकांचें नांव काढतांच तिचे डोळे भरून येत व 'मी ढच आहें' असें ती म्हणे. दहा वर्षांच्या लेकरानें स्वतःविषयीं असा निकाल देऊन बसावें, ही गोष्ट नापास होण्याहून अधिक घातक होय. ८ हा आंकडा ४ हून मोठा, तेव्हां अष्टमांश हा चतुर्थांशाहून मोठा, असा तिचा समज होता. एके दिवशीं शिऱ्याच्या निमित्तानें तिनें वाटीभर साखर प्रथम चार व मग आठ सारख्या भागांत वांटली. पुढें कांहीं सांगावें लागलें नाहीं. चौघांस पाऊण वाटी साखर, तर सहा जणांस किती, हें तिनें आपण होऊन काढलें: पाउणाची दीडपट, म्हणजे एक वाटी व वर एक अष्टमांश. पूर्वीं मुलें पाउणकी व दिडकी पाठ करीत, त्या पाढ्यांचें प्रयोजन हेंच.

गणिताप्रमाणेंच इतर विषयही येथें आहेत. पुरी फुगते ती आंतील पाण्याची वाफ होऊन. कुकरांत वाफ कोंडल्यामुळें पाणी १०० ऐवजीं सुमारें १२० अंशांवर उकळतें व डाळ लवकर शिजते. उलट सुमारें १३५० मीटर उंचीच्या महाबळेश्वरीं तें ९५-९६ अंशांवरच उकळतें. हळदींत सोडा घालतांच ती तांबडी होते, लिंबू पिळलें कीं पुनः पिवळी. रसायनशास्त्राचा याहून स्वस्त प्रयोग कोणता? आणि इतिहास? एकादशीच्या खिचडींतील शेंगदाणा, बटाटा, मिरची व ज्या कंदाचा साबुदाणा होतो तो कंद, हीं चारही मूळचीं अमेरिकेचीं. १४९२ नंतरच्या समुद्रप्रवासांमुळें तीं जगभर पसरलीं. हें ऐकून आमचा नातू घास हातांत धरून थबकला! शिजलेल्या भाताचें एक शीत चेपून सर्व भाताची परीक्षा करावी, हा आपला स्थालीपुलाकन्याय. नमुन्यावरून समूहाचें अनुमान करण्याचें शास्त्र याहून सोपें करून सांगतां येणार नाहीं.

कोणी भगिनी म्हणतील, 'सकाळच्या घाईंत हें कोठून जमावें?' रविवारचा एक तास पुरे. विळी व उकळतें तेल मोठ्यांच्या हातीं असावें. मुलगा व मुलगी दोघांसही समान काम द्यावें. आणि मुख्य म्हणजे पानावर बसल्यावर प्रश्न विचारूं नयेत. जेवणाची परीक्षा झाली तर अन्नही जाईल व विद्याही.

अपूर्णांकांत आमची नात अजून मधून मधून अडखळते. परंतु आतां ती स्वतःस ढ म्हणत नाहीं. वाटी आणून मोजूं लागते.