पगाराच्या चिठ्ठीवरचे दोनशे रुपये : वि. स. पागे

१/ महाराष्ट्रात नोकरीला लागलेल्या तरुणाच्या पगाराच्या चिठ्ठीवर एक लहानशी कपात दिसते : व्यवसाय कर, बहुधा २०० रुपये. ती कशासाठी, हे सहसा कोणी विचारत नाही. तिचे मूळ दुष्काळाच्या इतिहासात आहे, आणि त्या इतिहासाच्या मध्यभागी विठ्ठल सखाराम पागे हे फारसे न उच्चारले जाणारे नाव आहे.

२/ पागे (१९१०–१९९०) स्वातंत्र्यलढ्यातील कार्यकर्ते आणि संतसाहित्याचे अभ्यासक. राज्य स्थापन झाले त्या वर्षी, १९६० मध्ये, ते विधान परिषदेचे सभापती झाले आणि १९७८ पर्यंत त्या आसनावर राहिले. सभापती चर्चेत उतरत नाही. मत देतो तेही दोन्ही बाजू समसमान झाल्यावरच. हाती खाते नाही, तिजोरी नाही. अशा पदावरील माणसाने राज्याच्या इतिहासातील एका मोठ्या कायद्याची कल्पना मांडली.

३/ ती कल्पना समजण्यासाठी जुनी रीत पाहावी लागते. ब्रिटिश काळातील दुष्काळ संहितेनुसार सरकारने आधी टंचाई जाहीर करायची, मग कामे काढायची. आणेवारी ठरेपर्यंत मजूर ताटकळत असे. पाऊस बरा झाला की कामे बंद. पण ज्याच्याकडे जमीनच नाही, त्याची उपासमार चांगल्या वर्षातही, पेरणी आणि कापणी यांमधल्या महिन्यांत, ठरलेलीच असे.

४/ पागे यांनी हा क्रम उलटा केला. सरकारने टंचाई जाहीर करायची नाही. मजुराने काम मागायचे. मागणी झाली की काम देणे ही सरकारची जबाबदारी. राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात कामाचा हक्क आहे, परंतु तो मार्गदर्शक तत्त्व म्हणून. त्यासाठी न्यायालयात जाता येत नाही. त्या तत्त्वाला शेताच्या बांधापर्यंत आणण्याचा हा मार्ग होता.

५/ कल्पना कागदावर राहिली नाही. १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात, विसापूर परिसरात, तिचा प्रयोग झाला. पुढे वसंतराव नाईक यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात, १९७२ मध्ये, रोजगार हमी योजना आली. आणि लगेचच महादुष्काळ कोसळला.

६/ मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे राबत होती. खडी फोडणे, पाझर तलाव, नालाबांध, रस्ते. ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हटले की वृद्ध माणसांना आजही खडी आणि सुकडी आठवते. त्या वर्षांनी एक गोष्ट सिद्ध केली : एवढ्या प्रमाणावर काम देणे प्रशासनाला शक्य आहे.

७/ प्रश्न पैशाचा होता. १९७५ मध्ये व्यवसाय कर लागू झाला. शहरातील नोकरदार आणि व्यावसायिक यांनी थोडे द्यावे, इतर काही करांवरील अधिभारही त्यात यावा आणि तेवढीच रक्कम राज्याने घालावी, अशी रचना झाली. मुंबईच्या कचेरीतील कारकून आणि माणदेशातील मजूर यांना एका धाग्यात गुंफणारी ही तजवीज होती.

८/ डिसेंबर १९७७ मध्ये विधेयक दोन्ही सभागृहांत एकमताने संमत झाले. त्या वेळी परिषदेचे सभापती पागेच होते. नियमाप्रमाणे त्या आसनावरून विधेयकाच्या बाजूने भाषण करता येत नाही. २६ जानेवारी १९७९ रोजी कायदा अमलात आला, तेव्हा ते त्या पदावरही नव्हते.

९/ कायदा साधा होता. अंगमेहनतीचे काम मागणाऱ्या ग्रामीण प्रौढास पंधरा दिवसांत काम. न दिल्यास बेकारी भत्ता, दिवसाला किमान एक रुपया. गरिबांची यादी नाही, शिफारस नाही. उन्हात माती उपसण्यास जो तयार आहे त्याची गरज खरी, हीच कसोटी. स्त्री-पुरुषांना मजुरीचा दर एकच. या कामांवर स्त्रिया फार मोठ्या संख्येने आल्या.

१०/ दोषही होते. खोटी हजेरीपत्रके, रखडलेली मजुरी, अपुरी राहिलेली कामे. बेकारी भत्ता क्वचितच मिळाला. बांधलेल्या तलावाचा लाभ पुष्कळदा ज्यांची जमीन होती त्यांनाच झाला. मजुरांच्या संघटनांना मोर्चे काढून कायद्याची आठवण द्यावी लागली. मात्र त्या मोर्चांत एक नवी गोष्ट होती : माणसे मदत मागत नव्हती, हक्क मागत होती.

११/ २००५ मध्ये संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला. वर्षाला शंभर दिवसांच्या कामाची हमी देणाऱ्या या कायद्यामागे महाराष्ट्राचा सुमारे तीन दशकांचा अनुभव होता. पागे तो पाहण्यास नव्हते. कायद्याला त्यांचे नाव नाही, कराला नाही, निधीलाही नाही.

१२/ इतिहासात लढाया जिंकणाऱ्यांच्या तारखा पाठ केल्या जातात. परंतु पाऊस हुलकावणी देतो त्या वर्षी एखादी बाई तहसील कचेरीत जाऊन ‘काम द्या’ असे ताठ मानेने म्हणू शकते, हीसुद्धा कोणीतरी जिंकून दिलेली गोष्ट आहे. पुढच्या वेळी पगाराची चिठ्ठी हाती आली, की त्या दोनशे रुपयांकडे क्षणभर पाहावे.