सेकंड लागली, मॅडम

माझ्या हजेरीपटाला 'ह' आणि 'गै' एवढ्या दोन खुणा पुरत नाहीत. त्यात फ, से, थ आणि ज अशी आणखी चार अक्षरं आहेत: फर्स्ट, सेकंड, थर्ड आणि जनरल. शिवाय 'ओटी' (ओव्हरटाइम), आणि 'गावी'. पिंपळे सौदागरात इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या बाईच्या वहीत कारखान्याचं वेळापत्रक कशाला, असं नवख्याला वाटेल. पण संध्याकाळच्या तासाला रहाटणी, काळेवाडी, थेरगावहून येणारी माझी बरीचशी मुलं चाकणला आणि भोसरीला कामाला आहेत, आणि त्यांची पाळी आठवड्याला फिरते. सेकंडवाला दुपारी दीडलाच कंपनीच्या बससाठी घराबाहेर पडतो, तो मध्यरात्री परततो. थर्डवाला साडेसातच्या तासाला येतो खरा, पण साडेनऊची बस त्याच्या डोक्यात असते. म्हणजे तीन आठवड्यांतला एक आठवडा प्रत्येकाचा बुडणार, हे प्रवेश घेतानाच ठरलेलं. "सेकंड लागली, मॅडम," असा सोमवारी सकाळी निरोप येतो. याला दांडी कसं म्हणायचं?

नवे शिक्षक इथेच अडतात. ते दंड लावतात, पालकांना फोन करतात (बावीस वर्षांच्या फिटरच्या पालकांना!), नाहीतर बोटाचा ठसा घेणारं यंत्र बसवतात. ही मुलं रोज गेटवर पंचिंग करतात, एक खाडा पडला की त्यांचा हजेरीचा बोनस जातो. पैसे भरून संध्याकाळी जिथे यायचं, तिथेही पुन्हा मस्टरच दिसलं तर ती दुसऱ्या महिन्यात येईनाशी होतात. मी हजेरी घेते ती माझ्यासाठी. कोण कोणत्या पाळीत आहे, कुणाचा कुठला तास राहिला, एवढं मला कळावं म्हणून.

हजेरीपट नीट वाचता आला तर तो बरंच काही सांगतो. महिनाअखेर आली की डिस्पॅचच्या घाईत 'ओटी' वाढतो. जूनमध्ये पेरणी असते, त्यात तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामाला येते, वर्ग निम्मा होतो. सणांच्या आधी गाड्यांची मागणी वाढली की श्रावणापासून दसऱ्यापर्यंत पोरं दिसत नाहीत. 2019 मध्ये वाहन उद्योगात मंदी आली, कारखाने 'ब्लॉक क्लोजर' घेऊन काही दिवस बंद राहू लागले, आणि माझा वर्ग खच्चून भरला. तसली भरगच्च हजेरी पाहून शिक्षकाला बरं वाटत नाही.

उपाय तसा साधा आहे. एकच धडा सकाळी आणि संध्याकाळी असा दोनदा घ्यायचा, ज्याला जमेल त्याने जमेल तेव्हा यावं. सेकंडवाले सकाळी दहाच्या तासाला येऊ शकतात. पण तो तास मुळात आसपासच्या सोसायट्यांमधल्या गृहिणींचा, त्यामुळे सुरुवातीला दोन्हीकडून कुरकुर झाली. बायकांना ही पोरं अवघडवून टाकायची, पोरांना या काकू. आता दोघांचं बरं जमतं. बायकांच्या गैरहजेरीचं वेळापत्रक वेगळं असतं: मुलांच्या परीक्षा, पाहुणे, आणि "आज मावशी आल्या नाहीत".

याहून अवघड गोष्ट पुस्तकाची आहे. इंग्रजीची बहुतेक पुस्तकं कडीत कडी अडकवून लिहिलेली असतात. सातवा धडा सहाव्यावाचून कळत नाही. रोज येणाऱ्याला ती ठीक आहेत. आठवडाभर नसलेला मुलगा परत येतो, मागच्या बाकावर बसतो आणि तासभर समजल्याचं तोंड करतो. दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा तो येत नाही. माझ्या पाहण्यातली गळती बहुतेक अशी झालेली आहे. गैरहजेरीच्या आठवड्यात मूल हातचं जात नाही, ते जातं परतल्यावरच्या पहिल्या तासाला.

म्हणून वर्गाबाहेरचे तास मी त्या परतीच्या आठवड्यासाठी ठेवते. बाहेर नेणं ही नियमित येणाऱ्यांना द्यायची बक्षिसी, अशी आपल्याकडची समजूत. हजेरी पंच्याहत्तर टक्के असेल तरच सहलीला नाव! मी हे नेमकं उलटं करते. सेकंडचा आठवडा संपवून मुलं परततात त्याच आठवड्यात बाहेरचा तास. चौकात उभं राहून समोर दिसतं ते सांगायला कालच्या धड्याची गरज लागत नाही. आठवडाभर आलेला आणि न आलेला तिथे सारखेच अडखळतात.

यात माझं फारसं काही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येत नव्हती, म्हणून बालवाडी त्यांच्या अंगणात गेली. अंगणवाडी तिथून निघाली. 1957 नंतर कोसबाडच्या टेकडीवर त्यांना दिसलं की आदिवासी पोरं गुरांमागे असतात. मग चराईच्या जागी जाऊन शिकवणारी कुरणशाळा निघाली. पोरं का येत नाहीत याचं कारण शोधून त्यावरून शाळेची जागा ठरवणारी ही माणसं. इंग्रजी शिकवण्याच्या परदेशी प्रशिक्षणात ही नावं मला कधी भेटली नाहीत. असो.

त्या प्रशिक्षणात बाहेरच्या तासाचा उत्साह मात्र फार. विद्यार्थ्यांना रस्त्यावर न्या, दुकानदाराशी बोलू द्या! लंडनमध्ये शिकवत असाल तर उत्तमच, तिथला रस्ताच इंग्रजी बोलतो. जपान सरकारच्या जेट कार्यक्रमातून 1987 पासून परदेशी तरुण तिथल्या शाळांत इंग्रजी शिकवायला जातात. त्यांनी वर्ग बाहेर नेला तर बाहेर जपानीच ऐकू येणार. आमचंही तेच. कोकणे चौकातल्या भाजीवाल्याशी इंग्रजी बोलायला लावलं तर तो हसेल, आणि त्याचं बरोबर असेल. बाहेर इंग्रजी मिळत नाही, ती घरून न्यावी लागते. बाहेर मिळतात ती क्रियापदं.

हे जरा उलगडून सांगायला हवं. कारखान्यातल्या मुलांकडे इंग्रजी शब्द भरपूर असतात. ड्रॉइंग, टॉलरन्स, गेज, फिक्स्चर, रिजेक्शन, रीवर्क. सगळी नामं. ऑडिटला बाहेरचा पाहुणा आला आणि 'इथे काय चाललंय' असं त्याने विचारलं की ही नामं एकामागून एक पडतात आणि वाक्य काही उभं राहत नाही. वर्गात चालू वर्तमानकाळ शिकवताना शिक्षक दार उघडतो आणि 'मी दार उघडतो आहे' असं सांगतो. समोरच्याला ते दिसतच असतं, मग सांगायचं कशाला? शिवार चौकात मात्र पीएमपीची बस वळत असते, पोलीस पावती फाडत असतो, बांधकामावरची क्रेन सळयांचा गठ्ठा वर नेत असते, आणि कुणीतरी उलट्या बाजूने दुचाकी घालत असतं. बोलेपर्यंत दृश्य बदलतं. पोरांना घाई करावी लागते, आणि घाईत ती चुकांची लाज विसरतात.

माझा सर्वांत आवडता तास फोनवरचा. जोडीतला एक कोकणे चौकात उभा, दुसरा शिवार चौकात. पहिल्याने दुसऱ्याला इंग्रजीत बोलून एका ठरावीक ठिकाणी पोचवायचं. नकाशा पाठवायचा नाही. समोरासमोर असलो की आपण पत्ता हाताने सांगतो. 'असं जा, मग असं' म्हणताना पंजा सगळं काम करतो. फोनवर पंजा दिसत नाही. मग डावं, उजवं, समोर, पलीकडे, ओलांडून हे सगळं तोंडानेच म्हणावं लागतं. चुकीचा वळलेला गडी कुणाल आयकॉन रोडला भलतीकडे निघून जातो आणि सगळे खदखदून हसतात. व्याकरणाच्या तासाला असं हसू येत नाही.

दुसरा तास मेट्रोचा. मार्च 2022 मध्ये पिंपरी ते फुगेवाडी गाडी सुरू झाली, ऑगस्ट 2023 मध्ये ती शिवाजीनगर न्यायालयापर्यंत गेली. पवनेपलीकडे कासारवाडीला चढायचं. आमच्या भागात बाहेरून आपोआप कानावर पडणारं सलग इंग्रजी एवढंच: डब्यातली उद्घोषणा, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत. आधी मराठीतून कळतं, मग तेच इंग्रजीत ऐकू येतं. दोन-तीन स्थानकांनंतर मुलं उद्घोषणेच्या आधीच ती म्हणू लागतात. आजूबाजूचे प्रवासी बघतात, त्याला इलाज नाही.

हे बघणं बायकांना मात्र जड जातं. सोसायटीतली ओळखीची बाई दिसली की वाक्य अर्ध्यात तुटतं. म्हणून त्यांचा तास मी इथल्या लिनिअर गार्डनमध्ये घेत नाही, पिंपळे गुरवच्या डायनासोर गार्डनला नेते. तिथे ओळखीचं कुणी भेटण्याची शक्यता कमी, आणि डायनासोरबद्दल बोलायला कुणी लाजत नाही. मुलाकडे परदेशी जायची तयारी करणाऱ्या एक काकू तिथे फार खुलल्या. विमानतळावरच्या अधिकाऱ्याचे प्रश्न त्यांनी त्या प्राण्यालाच विचारले.

व्यवहाराच्या गोष्टी थोड्या. सहा-सातच्या वर माणसं नेत नाही, वाहनांच्या आवाजात आठव्याला माझं ऐकूच येत नाही. हजेरी दोनदा, निघताना आणि परतल्यावर; बाहेर हीच एक जागा जिथे मी मस्टरबाबत कडक आहे. रस्ता ओलांडताना इंग्रजी बंद. पालिकेच्या बागा दुपारी बंद असतात, त्यामुळे वेळ सकाळची किंवा संध्याकाळची. उन्हाळ्यात नदीकाठ नको. जलपर्णी आणि डास यांच्यात शिकणं होत नाही.

बाहेरच्या तासाचा वार गुरुवार. भोसरी-पिंपरीच्या एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, विजेच्या नियोजनातून पडलेली, आणि या भागाची ती सवयच होऊन गेली आहे. पण चाकणच्या काही कारखान्यांना सुट्टी रविवारची. रविवारी बायका येणार नाहीत, कारण घरी सगळे असतात. गुरुवारी चाकणची अर्धी मुलं येणार नाहीत. रविवारी सकाळी सातचा एक जादा तास सुरू करावा असं माझ्या मनात आहे. गटावर विचारलं तर थर्डवाल्यांनी लगेच होकार दिला, ते तसेही त्या वेळी जागेच असतात. फर्स्टवाल्यांपैकी अजून कुणीही उत्तर दिलेलं नाही.