धोडप किती लांब

भाच्याच्या कॉम्प्युटरवर ‘एलीट डेंजरस’ नावाचा खेळ आहे. आपली आकाशगंगा खऱ्या मापाने त्यात मांडली आहे, सुमारे 400 अब्ज ताऱ्यांसकट. तिच्यात यान घेऊन भटकायचं, माल वाहायचा, चाचे आडवे आले तर लढायचं. त्यातल्या अ‍ॅनाकोंडा या यानाची माहिती तो परवा वाचून दाखवत होता. लांबी 152 मीटर, रुंदी साठेक मीटर, नुसत्या सांगाड्याचं वजन 400 टन.

तिथेच मी अडकले. 400 टन म्हणजे उमराण्याच्या मार्केटमधून निघालेले कांद्याचे 25 ट्रक. ते एकामागे एक उभे केले तर रांग यानापेक्षा लांब भरेल. आपली ‘विक्रांत’ 262 मीटर लांब आणि वजनाला 40 हजार टनांच्या वर. ढोबळ हिशेब मांडला तर हे यान हवेपेक्षा जेमतेम चार-पाच पट घट्ट निघतं. त्यात तोफा बसवायच्या, माणसं राहायची?

‘‘आत्या, गेम आहे तो,’’ भाचा म्हणाला.

मला हे पटत नाही. अख्खी आकाशगंगा मापात बसवणाऱ्यांनी यानही तोलून द्यावं, एवढी अपेक्षा मी ठेवणारच. आणि तरीही तेच यान पडद्यावर स्थानकाच्या कडेने सरकत आलं तेव्हा त्याचं वजन मला जाणवलं. नाक आलं, मग पोट, मग बारक्या पिवळ्या खिडक्यांची ओळ, आणि ती ओळ संपेचना. 1977च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये पहिल्याच दृश्यात डोक्यावरून जाणारं ते अजस्र जहाज कथेत 1600 मीटरचं आहे. चित्रीकरणातला नमुना होता जेमतेम 91 सेंटिमीटरचा. ज्या छोट्या यानाचा ते पाठलाग करतं, त्याचा नमुना याच्याहून मोठा होता. मोठेपणा दाखवायला लागतो तो संथपणा, आणि शेजारी माणसाच्या मापाचं काहीतरी.

मापाचा हा चकवा मला लहानपणापासून ओळखीचा. देवळ्याहून कळवणला निघालं की डावीकडे सातमाळेची रांग चालू लागते आणि तिच्यात धोडप. मधलं कातळाचं टोक, त्याला लागून ताशीव काळी भिंत, भिंतीत दात पडल्यासारखी खाच. 1768 साली राघोबादादा आणि माधवराव, काका-पुतणे, याच धोडपपाशी एकमेकांशी लढले. पण लहानपणी आम्हाला त्या लढाईचं काही नव्हतं. आमचा खेळ एकच: धोडप आज किती लांब आहे? उन्हाळ्यात तो फिकट, धुरकट, जवळजवळ पुसलेला. तेव्हा तो दुसऱ्या मुलखातला वाटे. मृगाच्या तोंडावर हवा धुऊन निघाली की तोच निळा-जांभळा होऊन अंगावर येई. खाच इतकी स्वच्छ दिसे की तिच्यातून ढग पलीकडे जाताना मोजता येत. गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया उचलता उचलता आजी म्हणायची, ‘‘धोडप जोडे उना, आते पानी ई.’’ धावाधाव करून सगळं खाली नेलं जाई. पाऊस कधी येई, कधी नाही. तिचा भरवसा मात्र कधी ढळला नाही, आणि मला अजूनही वेधशाळेइतकाच धोडपचा अंदाज घ्यावासा वाटतो. डोंगर रोज लहानमोठा व्हायचा, आणि ते सगळं करायची मधली वीस किलोमीटरची हवा.

ती हवाच नसेल तर?

फेब्रुवारी 1971मध्ये अपोलो 14चे अ‍ॅलन शेपर्ड आणि एडगर मिचेल चंद्रावर कोन क्रेटरचा काठ शोधत चढ चढले. धुरकटपणा नाही, झाड नाही, घर नाही. जवळचा दगड आणि दूरचा कडा सारखेच लख्ख. काठ काही सापडला नाही, ते परत फिरले. नंतर फोटो जुळवून पाहिल्यावर कळलं, काठ तीसेक मीटरवर होता. अवकाशातली लढाई म्हणूनच मला खिडक्यांशिवाय कल्पनेत उभी करता येत नाही. तिथे दीडशे मीटरचं यान आणि दीड मीटरचं खेळणं डोळ्याला एकच.

भाच्याच्या खेळाची एक गोष्ट मला फार आवडते: तो उष्णतेचा हिशेब ठेवतो. वारा नाही, पाणी नाही, तेव्हा यानाची धग फक्त किरणांनी बाहेर जाणार. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाला त्यासाठीच ते पांढरे लांब पंख लावलेत. खेळात शत्रूपासून लपायला झडपा मिटल्या की यान आतल्या आत तापत जातं, आणि फार वेळ लपलात तर स्वतःच भाजून निघता. हे ज्याला सुचलं त्याला माझा नमस्कार.

हवेत उडणाऱ्याची गोष्ट वेगळी. ओझरला एचएएलमध्ये सुखोई-30 बांधली गेली. 22 मीटरचं विमान. डोक्यावरून गेलं की आवाज एका दिशेला, विमान दुसऱ्या. वळताना ते एका कुशीवर कलतं, कारण पंखांना हवेला रेटायचं असतं. बहुतेक खेळांतली यानंही तशीच कलतात. डोळ्यांना विमानांची सवय, दुसरं काय. एलीटमध्ये मात्र यान आपोआप सावरणारा ‘फ्लाइट असिस्ट’ बंद करता येतो. भाचा तो कधीच बंद करत नाही. मी हट्टाने करायला लावला. त्याने नाक वळवलं, नाक वळलंही, आणि यान आपलं आधीच्याच दिशेने आडवं सरकत स्थानक ओलांडून निघालं.

‘‘थांबत का नाही हे?’’

‘‘कोण थांबवणार? उलटा जोर लाव.’’