त्याच शहरात खाशाबा होते

आजचा थ्रेड नेहमीपेक्षा थोडा घरगुती आहे, मित्रहो.

गेल्या आठवड्यात फोर्टमधील एका पुस्तकांच्या दुकानात एक नामांकित क्रिकेटपटू अवचित समोर आले. दुकानातल्या सात-आठ जणांनी त्यांना एकाच क्षणी ओळखले, मीही ओळखले. आमच्यापैकी बहुधा कोणीच त्यांना पूर्वी प्रत्यक्ष पाहिले नव्हते. मग ही ओळख आली कुठून? महानगरात आवडता खेळाडू अकस्मात भेटणे ही वाटते तितकी सनातन गोष्ट नाही. ती घडण्याआधी तो चेहरा घरोघरी पोचलेला असावा लागतो.

पळवणकर बाळूंचे उदाहरण घ्या. चर्मकार समाजातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्यात इंग्रजांच्या जिमखान्यावर खेळपट्टीची निगा राखता राखता साहेबांना गोलंदाजी करीत असे. पुढे हिंदू संघात प्रवेश मिळाला, पण चहा मात्र तंबूबाहेर, मातीच्या भांड्यात. प्लेगच्या काळात ते मुंबईस आले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना हरवले, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. मुंबईकरांनी त्यांना पाहिले ते उघड्या मैदानावर, दुरून. प्रेक्षकाला ठाऊक असे ती धाव आणि तो हात. चेहऱ्याशी फारसा परिचय होण्याचे साधनच नव्हते. (१९३७ मध्ये बाळू बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध निवडणुकीस उभे राहिले आणि हरले. ती कथा स्वतंत्र थ्रेड मागते.)

पण माझे मन घुटमळते ते खाशाबा जाधवांपाशी.

कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला. हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे यायला १९९६ उजाडावे लागले. परतल्यावर कराडात शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली आणि त्यानंतर खाशाबांनी कुस्त्यांचे फड लावून खर्डेकरांचे पैसे फेडले. उत्सवाच्या मागोमाग कर्जफेड! आपल्या क्रीडा-इतिहासातील इतका बोलका क्रम मला दुसरा आढळलेला नाही.

त्या मिरवणुकीत माझे आजोबा होते. वय वर्षे दहा, वडिलांच्या खांद्यावर. बैलांच्या शिंगांचे गोंडे, गुलाल, हलगी हे सारे त्यांना आजही लख्ख आठवते. खाशाबा मात्र त्यांना 'लांब, बारका दिसला' एवढेच.

पुढे आजोबा मुंबईत आले आणि लालबागच्या एका गिरणीत लागले. खाशाबा १९५५ सालीच पोलीस दलात उपनिरीक्षक झाले होते. सुमारे २७ वर्षे नोकरी करून ते सहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले, आणि निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. म्हणजे दोन दशके माझे आजोबा आणि त्यांच्या बालपणाचा नायक मुंबईच्याच पोलीस-कामगारांच्या गर्दीत वावरत होते. मुंबई दूरदर्शन सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी, हेलसिंकीनंतर २० वर्षांनी. खाशाबांची कुस्ती कोणत्याही चाळीतल्या पडद्यावर कधी लागली नाही. वृत्तपत्रातली धूसर छायाचित्रे रद्दीत गेली.

एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी टिपणे काढताना मी आजोबांना विचारले, "आजोबा, मुंबईत खाशाबा कधी दिसले नाहीत का हो तुम्हाला?"

ते हसले. "आरं, फौजदाराच्या तोंडाकडं कोण बघतंय? आमी काठीकडं बघायचो."

हे उत्तर मला कोणत्याही दस्तऐवजात मिळाले नसते. गिरणगावात खाकी गणवेशाशी गाठ पडे ती मोर्चात, संपात, दारूबंदीच्या धाडीत. त्या गणवेशाच्या आत ऑलिंपिकचे पदक असू शकते, ही शक्यताच कामगाराच्या मनाला शिवण्यासारखी नव्हती. उलट दिशेनेही तेच: मोर्चातल्या हजारो टोप्यांत एक टोपी १९५२ साली आपल्यावर गुलाल उधळणाऱ्या पोराची आहे, हे कुठल्या अधिकाऱ्याला कळणार?

खाशाबा १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला. दिल्लीत कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव आहे.

मी मोबाइलवर खाशाबांचे छायाचित्र काढून आजोबांपुढे धरले. त्यांनी चष्मा पुसला, पडदा डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ निरखले आणि विचारले, "ह्यो कुठल्या ठाण्यात हुता रं?"