मेळघाटचे बस्ते

अमरावती, मंगळवार रात्र

ताई,

सुखरूप पोचले. फोन झाला तरी आईला पत्र वाचून दाखवलेलं आवडतं, म्हणून लिहिते. तिच्या डोळ्यांचे थेंब दिवसातून चारदा. दोन औषधांमध्ये दहा मिनिटं जाऊ देत जा. ऑपरेशन झाल्यावर चुलीच्या धुरापुढं बसायचं नाही हे तूच सांग, माझं ती ऐकत नाही. कापसाचे पैसे आले का?

मूर्तिजापूर, बडनेरा करत बस वेळेत आली. लॉजवर खोली सातशे रुपये, आणि गरम पाण्याची बादली वीस रुपयांची निराळी. पाणी कोमट होतं. संध्याकाळी गाड्यावर गिला वडा खाल्ला. जिभेवर विरघळावा इतका मऊ, वर घट्ट दही आणि हिरवा ठेचा. दुसराही घेतला. थंडीत दही खाल्लं म्हणून आई रागावेल, एवढं वाचू नकोस.

कामाचं सांगते. जुने कागद पाहायला एका कचेरीत गेले. टेबलामागच्या माणसानं मान वर न करता विचारलं, "कोणत्या गावचं पायजे?" धारणीकडचं, म्हटल्यावर म्हणाला, "तिकडं जंगल हाये मॅडम. जंगलाचे काय कागद रायतेत?" ताई, मला इतका संताप आला की शब्द सुचेना. त्या जंगलात माणसं पिढ्यान् पिढ्या राहतात. त्यांची गणती झाली, त्यांच्याकडून पट्टी वसूल झाली, बिगार करून घेतली. हे सगळं कागदाशिवाय झालं का? मी अर्ज लिहिला. कोर्ट फीचं तिकीट विकणारा जेवायला गेलेला, त्याची वाट पाहत ओसरीत उभी राहिले. परत आले तर, "उद्या या." मी हलले नाही. शेवटी एका म्हाताऱ्या शिपायालाच दया आली. शिडी लावून त्यानं बस्ता खाली काढला.

लाल कापड विटून तपकिरी झालेलं, गाठ दातांनी सोडवावी इतकी घट्ट. आत कोतवाल बुकं. पानाच्या कडा हात लावला की झडतात. रकाने तेच ते: तारीख, बापाचं नाव, जात, गाव, मुलगा झाला की मुलगी. मुलाचं नाव नाहीच, कारण नोंद करायची तेव्हा बारसं झालेलं नसे. एका पानावर शाई संपत आलेली दिसते, अक्षर फिकट होत जातं आणि पुढच्या ओळीला पुन्हा काळंभोर. कोतवालानं टाक बुडवला तो क्षण तसाच राहिलाय.

आपल्या शाळेत होता त्या धारणीच्या मुलाचं तुला माहीतच आहे. त्याची मुलगी नर्सिंगला लागली आणि जात पडताळणीत अडकली. जमातीचा पुरावा 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा असला तर तो वजनदार धरतात. तिचे आजोबा शाळेत गेलेच नव्हते, म्हणजे दाखल-खारीज रजिस्टरात नाव नाही. राहिली ही कोतवाल बुकं. त्यांच्या गावाची पानं आज संध्याकाळपर्यंत पाहिली. आजोबांच्या बापाचं नाव सापडलं नाही.

डोळे चुरचुरतायत. झोपते.

परतवाडा, बुधवार

ताई,

इथं गाडी बदलायची आहे आणि पुढची कधी येईल ते कोणी नीट सांगत नाही. फळीवर बसून लिहितेय. संत्री घेतली, चाळीस रुपये किलो, आपल्याकडच्यापेक्षा गोड. परत येताना आईसाठी आणीन.

काल रात्री झोप लागेना, मनात एकच विषय. मेळघाटचे कागद गेले तरी कुठे कुठे? 1853 ला निजामानं वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात दिलं, तेव्हापासून वरचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटाकडं. 1867 ला एलिचपूर, म्हणजे आपलं अचलपूर, हा वेगळा जिल्हा झाला आणि मेळघाट त्यात गेला. 1903 पासून वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभारात, म्हणजे फायली नागपूरला. 1905 ला एलिचपूर जिल्हाच मोडून अमरावतीत घातला. 1956 ला मुंबई राज्य, 1960 ला महाराष्ट्र. दर फेरबदलाला बस्ते बैलगाडीत नाहीतर मालट्रकात चढले. आज रेसिडेन्सीचं दफ्तर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे, इंडिया ऑफिसचं लंडनला, काही नागपूरच्या पुराभिलेखात, काही मुंबईला. धारणीच्या माणसाला आपल्या डोंगराची गोष्ट वाचायची तर या सगळ्या गावांना जावं लागेल. त्याला अमरावतीची एक फेरी म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडते.

पायविहीर इथून जवळच. 2012 साली त्या गावाला जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला आणि त्यांनी उजाड टेकडी पुन्हा हिरवी केली. सीताफळांचा हंगाम असता तर उतरलेच असते.

गाडी लागली.

चिखलदरा, गुरुवार

ताई,

थंडी! बोटं वळत नाहीत, अक्षर असं आलंय त्याला तेच कारण. लॉजवाल्याकडं जादा घोंगडी मागितली तर पन्नास रुपये म्हणाला. दिले. घोंगडीला मेंढ्यांचा वास येतो, पण ऊब आहे. तू दिलेला स्वेटर अंगातून काढलेलाच नाही. सकाळी गवळ्याकडची रबडी खाल्ली, कढईच्या कडेची खरवड त्यानं वेगळी काढून दिली. आईच्या हातची बासुंदी आठवली आणि घास घशात अडकला. घरी सगळं ठीक आहे ना? कालपासून रेंज नाही.

देवी पॉइंट, भीमकुंड पाहिले. गाविलगडावर मात्र दुपारभर होते. 15 डिसेंबर 1803 ला आर्थर वेलस्लीनं हा किल्ला घेतला, दोनच दिवसांनी भोसल्यांशी देवगावचा तह झाला. त्या मोहिमेचा दिवसवार खलिता छापून निघाला आहे. कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेनं डोंगरातून वाट पाडत तोफा आणि सामान माणसांच्या हातांनी ओढत किल्ल्याच्या उत्तर अंगाला नेलं, हेही वेलस्लीनं कौतुकानं लिहून ठेवलंय. जखमी गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं मिळतात. वाट ज्यांच्या पायाखालची होती त्या कोरकू आणि गवळी माणसांपैकी एकाचंही नाव मला त्यात मिळालं नाही. तटावर वारा इतका होता की वही मिटून पिशवीत घातली आणि दगडाच्या आडोशाला नुसती बसले.

मेळघाटचं छापील साहित्य कमी नाही. लायलचं 1870 चं वऱ्हाडचं गॅझेटिअर आहे, नेल्सन आणि फिट्झजेराल्डचं 1911 चं अमरावतीचं आहे, जंगलखात्याचे वर्किंग प्लॅन आहेत. त्यांत सागाची छातीइतक्या उंचीवरची गोलाई इंचात मोजलेली सापडते. गाव येतं ते बहुतेक तोडीला मजूर कुठून मिळतील या हिशेबात. वनगावं त्यासाठीच वसवली होती. तरीही हे कागद जपायलाच हवेत असं मी म्हणते. ज्यानं लिहिलं त्याचा हेतू कसाही असो, त्यात "इथं गाव होतं" एवढी ओळ सापडली तरी आज कोणाचं तरी शेत वाचतं.

धारणी, शनिवार

ताई,

सेमाडोह, हरिसाल करत काल पोचले. वाघ दिसला का म्हणून भाचे विचारतील, नाही दिसला. रस्ताभर सागाची वाळकी पानं आणि माकडं.

त्या मुलाच्याच घरी उतरले. शेणानं सारवलेलं घर, लखलखीत. रात्री कुटकीचा भात आणि तुरीचं पातळ वरण, वर मिरचीचा ठेचा. कुटकीचा दाणा बारीक, भात मोकळा होतो आणि पोटात हलका राहतो. मी तीनदा वाढून घेतला. त्याच्या बायकोनं बरोबर न्यायला शेरभर बांधून दिलीय, पैसे घेईना.

आज सकाळी गावाबाहेर झाडाखाली घेऊन गेला. तिथं कोरकूंचे मुंडे आहेत. सागाची जाड फळी, वर सूर्य आणि चंद्र कोरलेले, खाली घोड्यावर बसलेला माणूस. घरातलं माणूस गेलं की सिडोलीचा विधी करून अशी फळी पुरतात. रसेल आणि हिरालाल यांच्या 1916 च्या ग्रंथात याचं वर्णन आहे, पण हात लावून पाहणं वेगळं. एका जुन्या फळीवर घोड्याचे पाय पावसानं झिजून गेलेत, स्वाराची पगडी मात्र अजून ठसठशीत आहे. त्यावर अक्षर एकही नाही. तरी कोणता मुंडा कोणत्या घराचा ते म्हाताऱ्यांना बरोबर ठाऊक.

आणि हे ऐक. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत 13 वा नियम पुराव्यांचा आहे. त्यात गॅझेटिअर, जनगणना, बंदोबस्ताचे अहवाल, वर्किंग प्लॅन येतात. तशाच विहिरी, दफनाच्या जागा, देवस्थानं येतात आणि गावातल्या वडीलधाऱ्यांची लिहून घेतलेली जबानीही येते. म्हणजे ही फळी आणि ती ओळखणाऱ्या म्हाताऱ्यांची जबानी, दोन्ही कायद्यानं पुरावा आहेत. आता व्याघ्र प्रकल्पातून उठवून अकोटकडं वसवलेल्या केलपाणी, गुल्लरघाटच्या लोकांचं बघ. घरांची भरपाई मोजली, पण पूर्वजांची जागा जंगलातच राहिली.

पडताळणीचे नियम वनहक्काच्या नियमांहून वेगळे, तिथं कागद लागतोच. पण कागद कुठं शोधायचा हे एका म्हातारीनंच सांगितलं. त्या मुलाची चुलत आजी, कानानं अधू, तिच्या कानाशी ओरडून विचारावं लागलं. म्हणाली, आजोबा या गावात जन्मलेच नाहीत. पहिलटकरीण म्हणून त्यांची आई माहेरी गेली होती, सिपना ओलांडून पलीकडं. त्या गावाचं बुक मी अमरावतीला उघडलंसुद्धा नव्हतं, कोणी मागितलंच नव्हतं. तिची जबानी मी लिहून घेतली, अंगठा घेतला, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या.

माझं म्हणणं एवढंच की या बुकांच्या नकला धारणी आणि चिखलदऱ्याला हव्यात. आजकाल पानं स्कॅन होतात, मग त्यांना घाट चढायला काय अडचण आहे? म्हातारी माणसं इथं आणि कागद खाली, दोघांची गाठ पडत नाही. तिच्या वयाची गावात आता थोडीच उरलीत. मी अर्ज तयार केलाय, मास्तर आणि सरपंच सह्या करणार आहेत. तूही वाचून बघ, भाषा फार कडक झाली असेल तर सांग. पण "जंगलाचे काय कागद" हे वाक्य मी काढणार नाही.

उद्या इथून निघते, सोमवारी पुन्हा अमरावतीच्या त्याच टेबलापुढं उभी राहीन. दुसऱ्या गावाचं बुक मिळालं तर त्याच दिवशी नक्कल काढून घेईन. मंगळवारी घरी. माझ्या कपाटात खालच्या खणात कोर्ट फीची जुनी तिकिटं असतील, ती शेजारच्या मुलाबरोबर बडनेऱ्याला पाठवता आली तर बघ. तो सोमवारी कॉलेजला येतोच. आणि आईच्या डोळ्यांच्या डॉक्टरांची तारीख बुधवारची आहे, मी येते तिच्याबरोबर, तू रजा टाकू नकोस.

तुझी,
धाकटी